कोपऱ्यातली कात्री

धाकटीला शिवणातलं ओ की ठो कळत नाही, हे घरात सगळ्यांनी केव्हाच मान्य करून टाकलं होतं. तिनं लावलेलं बटण पहिल्या शिंकेला तुटतं, असं थोरली जाऊ आल्यागेल्याला सांगायची. तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण पुढचंही सांगायची, आणि ते धाकटीला फार लागायचं. लेक झाली तेव्हा धाकटीनं हौसेनं गोधडी शिवली, ती पहिल्याच धुण्यात सुटून बादलीत चिंध्या होऊन तरंगली, आणि पोर शेवटी वाढली ती थोरलीच्या गोधडीत. थोरलीची गोधडी म्हणजे काय विचारता! बोटाएवढे तुकडे एकाला एक जोडलेले, बघणाऱ्याला गरगरावं.

आता त्या लेकीलाच लेक झाली होती. ही नात पहिली झोपेल ती सख्ख्या आजीच्या गोधडीत, मोठ्या आजीच्या नव्हे, असं धाकटीनं मनाशी पक्कं ठरवलं होतं. ठरवायला काय जातंय म्हणा, पण शिवणार कोण?

म्हणून ती कापडाच्या दुकानात गेली. दुकानदारीण बेरकी, चेहऱ्यावरून गिऱ्हाईक ओळखणारी. तिनं एक कापड फडकन टेबलावर पसरलं. चौकोनाचौकोनात प्राणी छापलेले होते: हत्ती, जिराफ, कोल्हा, पोट सुटलेलं अस्वल. मधे तुकडे जोडल्यासारख्या पट्ट्या, त्याही छापलेल्याच.

"कापायची, जोडायची भानगडच नाही," ती म्हणाली. "खाली अस्तर, मधे कापसाचा थर, वर हे. प्राण्यांच्या कडेकडेनं मशीन फिरवा, चारी बाजूंनी गोट लावा, झाली गोधडी!"

"आणि कुणी ओळखलं तर?"

"कोण ओळखतंय! माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे. ती बाई तर पिशवी उलटी करून नेते, दुकानाचं नाव दिसायला नको म्हणून."

त्या न पाहिलेल्या बाईचं धाकटीला भारी कौतुक वाटलं.

मग दार लावून काम सुरू झालं. मशीनचा आवाज ऐकून नवऱ्यानं विचारलं तर म्हणाली, मिक्सर बिघडलाय. बिचारा जेवणाची वाट बघत बसला. हत्तीची सोंड शिवताना तिनं आपल्याच ओढणीचं टोक आत घेतलं. ती उठली, तर पाठोपाठ हत्तीही उठला. उसवलं, शिव्या घातल्या, पुन्हा शिवलं. पण जिराफाच्या मानेपर्यंत हात असा बसला, की ती शिवता शिवता गुणगुणायला लागली. एका कोपऱ्यात, काठाजवळ, ठिपक्यांची ओळ होती आणि त्या ओळीवर इवलीशी कात्री छापलेली. चित्र काढणाऱ्याची हौस, दुसरं काय! तिनं कात्रीच्याही कडेनं नाजूक शिवण घातली. दोन्ही मुठींभोवती गोल फिरताना तर तिला स्वतःचाच अभिमान वाटला.

लेकीकडे दोघी जावा बरोबरच पोचल्या. थोरलीनं आपली पिशवी खुर्चीखाली सरकवली आणि आधी धाकटीची गोधडी मांडीवर ओढली.

"आई, हे तू केलंस?" लेकीचा विश्वासच बसेना.

"मग कोणी? एकेक प्राणी कापला, चिकटवला, शिवला. कंबर मोडली माझी."

लेक बाळाला आणायला आतल्या खोलीत गेली. थोरली गोधडीवरून नख फिरवत निघाली. हत्तीवरून गेली, अस्वलावरून गेली आणि कोपऱ्यात थांबली.

"हा कोणता प्राणी म्हणायचा गं?"

धाकटीनं घाईघाईनं कोपरा दुमडला. "ती... ती शोभेची आहे."

"शोभेची कसली, वेडे! ठिपक्यांवर कापायचं असतं. असल्या प्रत्येक छापील कापडाला असते ती कात्री, आणि..."

धाकटीनं मान तिरकी केली.

"ताई, तुम्हाला कसं हो ठाऊक?"

"ऐकलं असेल कुठेतरी."

धाकटीची नजर खुर्चीखाली गेली. पिशवी उलटी होती, शिवणी बाहेर आलेल्या. थोरली अगं अगं करेपर्यंत तिनं आतली गोधडी बाहेर काढून अंगठा फिरवला होता. शेकडो तुकडे, पण सांध्याला उंचवटा म्हणून कुठे नाही. ताटासारखं गुळगुळीत! सगळे तुकडे छापलेले.

किती वर्षं वाट बघितली होती या क्षणाची! काय काय बोलायचं ते सगळं जिभेवर रांग लावून उभं होतं.

"बोटं वळत नाहीत गं आता," थोरली खाली बघून म्हणाली. "सुई धरली की निसटते. पण सगळे म्हणणार, मोठी काकू शिवेल. कुणाला सांगू?"

धाकटीला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून हातची संधी सोडेल ती धाकटी कसली!

लेक बाळाला घेऊन आली. "आधी कुठली घालू?" असं म्हणत तिनं सवयीनं थोरलीकडेच बघितलं.

"काकूंनाच विचार बाई," धाकटी गोड आवाजात म्हणाली, आणि थोरलीच्या गोधडीवरून अंगठा हळूच, मागेपुढे फिरवत राहिली.

थोरलीनं त्या अंगठ्याकडे बघितलं. "आईची घाल. मी तपासलीय, चांगली झालीय."

नात गोधडीत गुरफटली, कोपरा मुठीत धरला आणि थेट तोंडात घातला.

"आई, इथे ही कात्री कशाला गं?" लेकीनं विचारलं.

उत्तर दिलं ते थोरलीनं.

"ती तुझ्या आईची खूण आहे. चांगलं शिवणारी माणसं कोपऱ्यात काहीतरी खूण ठेवतातच."

चांगलं शिवणारी! तेही थोरलीच्या तोंडून. धाकटीचे डोळे एकदम भरून आले, आणि कुणी बघू नये म्हणून ती बाळाचे पाय झाकायला लागली.

"मग काकू, तुमच्या गोधड्यांवर कधी दिसली नाही ती खूण?"

"माझी मी कापून टाकते," थोरली म्हणाली आणि उलटी पिशवी पायानं आणखी आत सरकवली.