मांजरा, तेरणा आणि एक पाणबुडी

लातूरच्या आदिनाथ सरांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. लातुरात नळाला पाणी आलं तरी गल्लीत सण व्हायचा, तिथं समुद्राचं काय घेऊन बसलात! पण सरांच्या ताब्यात एक अख्खं आरमार होतं. क्लासच्या मागच्या केबिनमध्ये, निकालाच्या कामासाठी म्हणून घेतलेल्या कॉम्प्युटरवर, सर समुद्री लढाईचा एक जुनापुराणा गेम खेळायचे. जहाजांना आपल्या मनाची नावं देता येत, म्हणून सरांच्या युद्धनौका होत्या मांजरा, तेरणा, मन्याड आणि लेंडी. उन्हाळ्यात ज्या नद्यांत म्हैस बसायची पंचाईत, त्या तिथं शत्रूच्या पाणबुड्या बुडवत हिंडायच्या.

हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होणं परवडणारंही नव्हतं. भूकंपाला चार वर्षं होत आली होती. घरं पडली तिथं पत्रे उभे राहिले आणि पत्रे दिसले की त्याखाली क्लास निघाले. त्या गर्दीत सरांचं नाव शिस्तीवर चालायचं. टीव्ही बंद, पत्ते बंद, कॅरम बंद, हसणंसुद्धा शक्यतो बंद. भोकर, हिमायतनगर, कुठून कुठून आईबाप पोरं आणून इथंच राहायला सोडायचे आणि म्हणायचे, ‘‘सर, कातडं तुमचं, हाडं आमची.’’ अशा माणसाला गेमचा नाद आहे म्हटल्यावर क्लासात नुसती बाकं उरली असती.

सर गेमसुद्धा क्लाससारखाच खेळायचे. तीच लढाई पुन्हा पुन्हा लावायची, पाणबुडी कुठं निघते ते पाठ करायचं, मग सराव, मग उजळणी. शेवटची लढाई मात्र काही केल्या सुटेना. तिथली पाणबुडी दर खेपेला नव्या जागी निघायची.

‘‘अभ्यासक्रमाच्या बाहेरचं विचारून राहिला हा हरामखोर!’’ सर चरफडायचे.

हे ऐकणारा एकच माणूस होता, मूळ नांदेडचे पण लातुरात दुकान टाकलेले कॉम्प्युटरवाले निजामोद्दीन. ते म्हणाले, ‘‘सर, ती डोळ्यानं दिसत न्हाई. कानानं हुडकावी लागते. थांबा, तुम्हाला आवाजाचं सामान देतो.’’ आणि त्यांनी भला दांडगा स्पीकर आणून दिला. सरांनी तो लपवला लोखंडी कपाटात. कपाट होतं भिंतीला टेकून, भिंतीपलीकडं क्लासचा हॉल, हॉलवर पत्रे. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला कंपन कुठून कुठं जातं हे कळू नये! काय बोलावं?

रविवारी हॉलमध्ये सराव परीक्षा चालू होती. सरांनी ‘पेपर काढणं चालू आहे’ म्हणून केबिनचं दार लावलं आणि कान देऊन बसले. टिंग... टिंग... सापडली! तेरणा बरोब्बर डोक्यावर नेऊन सरांनी सगळे बॉम्ब एकदम पाण्यात सोडले. कपाट घुमलं, भिंत थरथरली, पत्रे खडखडले.

‘‘भूकंप!’’

पोरं पेपर टाकून पळाली. त्यांना पाहून समोरचं सलून पळालं, गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं. मग गल्ली, मग पुढची गल्ली. सर बाहेर आले तेव्हा कुणीतरी विचारलं, ‘‘सर, तुम्हालाबी जाणवला न?’’ सरांनी मान हलवली. एवढी एक मान हलवली आणि माणूस फसला.

संध्याकाळपर्यंत भूकंप मोठा झाला. कुणाची भांडी पडली होती, कुणाच्या म्हशीनं आधीच दावं तोडलं होतं. शेजारच्या क्लासवाल्यानं अंगणात सतरंज्या टाकून ‘भूकंपमुक्त बॅच’ अशी पाटीसुद्धा लावली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एसट्या भरभरून आईबाप आले, पोरांना घरी न्यायला.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगावं तर इज्जत जाते, न सांगावं तर पोरं जातात. भोकरचे दगडोबा तर पोरीची, सृष्टीची, पेटी डोक्यावर घेऊन निघालेच होते. सृष्टी क्लासात पहिली यायची आणि आता मुसमुसत बापामागं चालली होती. तिचं रडणं सरांना बघवलं नाही.

‘‘थांबा दगडोबा. भूकंप झाला न्हाई. मी गेम खेळत होतो.’’

दगडोबांना हसू आलं. ‘‘सर, पोरं जाऊ नयेत म्हणून तुम्ही खोटं बोलून राहिले. तुम्ही आन् गेम?’’

‘‘आईशप्पथ!’’

‘‘लई चांगला माणूस हाय,’’ मागचे पालक म्हणाले. ‘‘आपल्याला धीर द्यायला सोताची अब्रू घालवून राहिला.’’

आता आली का पंचाईत! शेवटी सरांनी निजामोद्दीनना बोलावून घेतलं, कपाट उघडलं, स्पीकर दाखवला आणि पालकांना केबिनच्या दारात उभं केलं. ‘‘हे बघा. हा समुद्र. ही तेरणा. आता आवाज येईल. घाबरू नका, हा गेमचाच आवाज आहे.’’ सगळ्यांनी ‘हाव, हाव’ म्हणत माना डोलावल्या. निजामोद्दीननी बटण दाबलं.

कपाट घुमलं, भिंत थरथरली, पत्रे खडखडले. आणि हाव म्हणणारे सगळे पळाले. पागोटी पडली, चपला राहिल्या, दगडोबांनी पेटी टाकली पण पोरीचा हात सोडला नाही.

सगळ्यांच्या पुढं रस्त्यावर होते आदिनाथ सर. अनवाणी. केबिनकडं तोंड करून ओरडत होते, ‘‘माय, भाईर ये! माय, भाईर ये गं!’’

हसायला तोंड उघडलेली माणसं तशीच राहिली.

दगडोबा जवळ आले. ‘‘सर, माय आत हाय का?’’

‘‘न्हाई.’’ सरांना दम लागला होता. ‘‘ती गेली. किल्लारीकडं गाव आमचं. त्या पहाटेच भिंतीखाली गेली. मी इथं लातुरात होतो, खोलीवर झोपलेलो.’’ आणि सर भर रस्त्यात लेकरासारखे रडले.

दगडोबांनी त्यांना रडू दिलं. मग पेटी उचलून सृष्टीच्या हातात दिली आणि म्हणाले, ‘‘जा, आत ठेव. दाराजवळच्या बाकावर बसत जा.’’ मग सरांकडं वळले. ‘‘गेम खेळा की, सर. माणसाला काहीतरी लागतंच. पर आवाज बंद करून खेळा.’’

एकेक पालक आपापल्या पोराची वळकटी घेऊन आत गेला. पोरं बाकांवर बसली, फळा पुसून झाला, कुणीतरी खडूसुद्धा काढून ठेवला. सर मात्र उंबऱ्याबाहेरच उभे. पाय उचलेना.

‘‘चला सर,’’ निजामोद्दीन दारातून म्हणाले. ‘‘पोरं वाट बघून राहिली. मी वायर काढली.’’

‘‘काढली न?’’

‘‘काढली.’’

सरांनी पत्र्यांकडं पाहिलं. ‘‘निजामभाई, नक्की काढली न?’’