स्वर इनासच्या घरी जातात

डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी माझ्या कागदांवरचे स्वर उठले आणि इनास डायसच्या घरी गेले.

मी चर्चमध्ये ऑर्गनवर बसलो होतो. येत्या रविवारच्या सणाच्या मिस्साचं, म्हणजे मोठ्या प्रार्थनेचं, प्रवेशगीत समोर उघडलं, तेव्हा पहिल्या ओळीतले स्वर पानाच्या कडेकडे सरकत होते. काळे ठिपके, प्रत्येकाला आपापली शेपटी. काठावरून ते ऑर्गनच्या लाकडावर उतरले, तिथून फरशीवर, आणि एका रांगेत दाराच्या फटीतून बाहेर पडले. मागोमाग दुसरी ओळ निघाली, मग तिसरी. पानावर नुसत्या रेघा राहिल्या, पाच-पाचच्या. त्या जागच्या हलल्या नाहीत.

मी चपला घालून त्यांच्यामागे गेलो. रांग घाईत नव्हती. विहिरीला वळसा घालून, केळीच्या वाडीच्या कुंपणाखालून ती इनासच्या अंगणात शिरली. इनास स्टुलावर बसून सोनचाफ्याची फुलं करंडीत लावत होता. स्वर स्टुलाच्या पायावरून वर चढले, त्याच्या पाठीवरून कॉलरवर गेले आणि एकेक करून डाव्या कानात शिरले. आंघोळीचं पाणी कानात गेल्यावर आपण करतो तशी त्याने मान जरा तिरकी केली.

"बस की, बस्त्याव," तो म्हणाला. "चहा टाकायला सांगू?"

"ते माझे स्वर आहेत."

"असतील."

"परत दे."

"मी कुठे बोलावलेत? येतात म्हणून येऊ देतो. जरा गुदगुल्या होतात, एवढंच."

मग त्याने फुलं लावता लावता आमचं प्रवेशगीत गुणगुणलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ते गीत मी आदल्या आठवड्यात मुंबईहून मागवलं होतं. गावात कुणी ऐकलेलं नव्हतं.

इनासला आणि मला अकराव्या वर्षी एकाच दिवशी फादरांनी संगीत शिकायला बसवलं होतं. पाच रेघा, त्यांच्यामधल्या चार मोकळ्या जागा, कुठला ठिपका कुठे बसला की काय वाजवायचं. इनास तिसऱ्या दिवशी उठून खाडीवर पोहायला गेला. मी सात वर्षं बसलो. चुकलं की बोटांवर पट्टी बसायची. माझ्या उजव्या मधल्या बोटाचं पेर अजून वाकडं आहे. सव्वीस वर्षं मी या चर्चचा ऑर्गन वाजवतोय आणि गाव मला मास्तर म्हणतं. कागद समोर असेल तर मी काहीही वाजवतो. नसेल तर मला बारशाचं गाणंही येत नाही.

इनासला मास्तर कुणी म्हणत नाही. तो एकदा ऐकतो आणि वाजवतो.

नोव्हेंबरात नव्या फादरांनी त्याला गिटार घेऊन गायकवृंदात यायला सांगितलं. तीन रविवार तो आला. तिसऱ्या रविवारी माझी बायको रेजिना गाता गाता मी लिहून दिलेला स्वर सोडून वर गेली. इनासची गिटार जिथे गेली होती, तिथे. बावीस वर्षांत ती माझ्या कागदाबाहेर एकदाही गेली नव्हती. घरी येताना मी तिला विचारलं, "तो स्वर तुला कुणी दिला?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "तिथे होता."

त्यानंतरच्या सोमवारी ही रांग निघाली.

मी इतर पुस्तकांतले स्वर पुन्हा लिहून काढले. शाई वाळेपर्यंत ते थांबत आणि वाळली की चालू लागत. पेन्सिलने लिहिले तर थांबतही नव्हते. कागदावर काच ठेवली, तर काचेखालून सरपटत गेले, फक्त त्यांना अख्खी दुपार लागली. बुधवारपर्यंत माझ्या कपाटातली बहुतेक पुस्तकं रिकामी झाली. गायकवृंदातली चौदा माणसं संध्याकाळी पाच वाजता इनासच्या अंगणात जमू लागली, कारण गाणी आता तिथे होती. तो एक ओळ वाजवायचा, ते म्हणायचे. रेजिनाही जायची. परतताना तिच्या केसांना चाफ्याचा वास यायचा आणि भाकरी थापताना ती गुणगुणायची. मी ताटावर बसून ऐकायचो. त्यातलं काहीही माझ्याकडे लिहिलेलं नव्हतं.

गुरुवारी भर दुपारी मी वाटेत आडवा झालो.

केळीच्या कुंपणापाशी रांगेची वाट मला पाठ झाली होती. सकाळी मी दोन्ही कान कोमट पाण्याने स्वच्छ केले होते. मी कुशीवर निजलो, डावा कान वर ठेवला आणि हललो नाही. स्वर आले. माझ्या मनगटावरून, दंडावरून, गळ्यावरून चढले. पहिला स्वर कानाच्या तोंडाशी येऊन थांबला. त्याने आत डोकावलं. त्याच्यामागे सगळी रांग थांबली होती, मला त्यांची पावलं मानेवर जाणवत होती. मग तो वळला आणि मानेमागून उतरला. बाकीचे त्याच्यामागून गेले. एकानेही पुन्हा पाहिलं नाही.

मी उठून कपडे झटकले. कुणी बघितलं नव्हतं.

शनिवारी, सणाच्या आदल्या दिवशी, मी चर्चमधले मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे एका वाटीत वितळवले आणि तीन वाजता इनासकडे गेलो. तो त्याच स्टुलावर होता.

"हे काय?" त्याने विचारलं.

"मेण. तुझ्या कानात घालायचंय."

त्याने वाटीत बोट बुडवून पाहिलं. "फार गरम नाही ना?"

"नाही."

"तुला बरं वाटणार असेल तर घाल," इनास म्हणाला आणि त्याने मान तिरकी केली.

मी आधी डावा कान भरला, मग उजवा. तो शहाण्यासारखा बसून राहिला. मेण घट्ट होईपर्यंत मी त्याचं डोकं धरून ठेवलं. त्याचे केस माझ्यासारखेच पिकले होते. त्या दुपारची रांग आली, बंद कानापाशी थबकली आणि त्याच्या खांद्यांवर पसरली. पाच वाजेपर्यंत त्याचा पांढरा सदरा काळा झाला. मला वाटलं होतं ते माझ्याकडे परत येतील. ते तिथेच फिरत राहिले.

गायकवृंद आला. इनासने त्यांच्याकडे पाहून हात जोडले आणि कानाकडे बोट दाखवलं. त्यांनी आपापली तोंडं उघडली. एकालाही काही आठवेना. लहानपणापासूनची गाणीसुद्धा गेली होती.

घरी रेजिनाने ताट वाढलं. बोंबलाचं कालवण होतं. ती गुणगुणत नव्हती.

"कान उघडे कर त्याचे," ती म्हणाली.

"सण होऊ दे."

"सणाला गाणार काय?"

मी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. घरात इतकी शांतता होती की मला कालवण जास्त चवदार लागलं. हे मी तिला सांगितलं नाही.

रविवारी चर्च भरलं होतं. बाहेर मांडवातही माणसं उभी होती. इनास पहिल्या बाकावर बसला होता. सदरा त्याने बदलला होता, पण नवा सदराही काळाच झाला होता. फादर वेदीपाशी आले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, सुरू करा."

मी रिकामं पान उघडलं. पाच रेघा लांब होऊ लागल्या. पानाचा काठ ओलांडून त्या ऑर्गनवरून पुढे गेल्या आणि गायकवृंदाच्या बाकांमधून ताणून बसवल्यासारख्या थेट समोरच्या भिंतीपर्यंत पोचल्या. गायकवृंदातली माणसं त्यांच्यावर चढली. कुणी रेघेवर उभं राहिलं, कुणी मधल्या जागेत. माझ्या जागेवरून त्यांची डोकी काळी आणि गोल दिसत होती.

ते मला वाचता येत होतं. मी वाजवायला सुरुवात केली.

ते गीत कुणी रचलं होतं मला माहीत नाही. मी आयुष्यात वाजवलेल्या सगळ्यांपेक्षा ते चांगलं होतं. लोक माना वर करून ऐकत होते, इनासही आमच्याकडे सभ्यपणे बघत होता, आणि मला वाटलं, आता गाव पाहील. मग तिसऱ्या रेघेवरच्या रेजिनाने वरची जागा घेतली. ती चौथ्या रेघेवर गेली, मग पाचव्या. मला तिच्यामागे वर जावं लागलं, कारण मी लिहिलेलं सोडू शकत नाही. पाचव्या रेघेवर उभी राहून तिने इनासच्या कानातलं मेण उकरायला अंबाड्यातली पिन काढली आणि पहिल्या बाकाकडे तोंड केलं.

पाच रेघांच्याही वर स्वर न्यायचा असेल, तर त्याच्यापुरती एक छोटी जादा रेघ काढावी लागते. ती नसेल तर स्वराला उभं राहायला जागा नसते. हा नियम आहे.

"मास्तर, रेघ," फादर म्हणाले.

उजव्या हाताने पेन घेऊन मी कागदावर रेघेचा एक तुकडा काढला. तो तिच्या पायाखाली आला. ती त्यावर उभी राहिली आणि मी डाव्या हाताने तिचा स्वर वाजवला. मी दुसरा काढला. ती इनासच्या दिशेने एक पाऊल पुढे गेली. तिसरा काढला. माझा डावा हात उजव्या हाताखालून पट्ट्यांच्या टोकाकडे सरकत होता. रेजिनाने मागे वळून पाहिलं नाही. तिला माझं अक्षर माहीत होतं, रेघ येणार हे तिने धरलं होतं. इनासच्या खांद्यावरचे स्वर उठून त्याच्या कानाभोवती जमले. मी आणखी दोन तुकडे काढले.

आता ऑर्गनची शेवटची पट्टी माझ्या करंगळीखाली होती. त्यापुढे लाकूड होतं; आणखी एक रेघ काढली तरी तिच्यावरचा स्वर वाजवायला पट्टी नव्हती. पिन आणि इनासचा कान यांच्यामध्ये अजून एका रेघेचं अंतर होतं.

रेजिनाने पाय उचलला.