ताईच्या खोलीतली हवा

पानाच्या देठाला, जिथून ते खुडलं तिथे, पाण्याचा एक थेंब जमत होता – जमला, थरथरला, पण पडेना. तिने तो बोटाने टिपला, आणि आता हे बोट कशाला पुसावं ते न कळून तशीच उभी राहिली. मनीप्लांटची बाटली ताईच्या उशाशी, खिडकीखालच्या स्टुलावर, पडदे ओढलेले, आणि शाळेला उशीर होत होता.

चूक तिचीच. प्रयोगाची कुंडी सुट्टीआधी कपाटात, अंधारात ठेवायची असते, म्हणजे पानांत साठलेला स्टार्च झाड स्वतःच खाऊन संपवतं. ती विसरली. इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवणारी बाई कुंडी कपाटात ठेवायला विसरते... सकाळी चहा गाळताना आठवलं, आणि पाठोपाठ हेही आठवलं की अंधारात ठेवलेलं एक झाड घरात आहेच. ताई गेल्यापासून आहे.

ताई, तिची थोरली बहीण, शेवटचा हिवाळाभर याच खोलीत होती. वारा लागला की खोकल्याची उबळ यायची, म्हणून खिडकी बंद. तोंड मात्र कधी बंद नव्हतं. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आता माझी पाळी, म्हणायची. ऐकायला कुणी नसलं तर मनीप्लांटला सांगायची.

"बोल, बोल," ही एकदा म्हणाली होती, "तुझ्या तोंडातून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो ना, तो पान आत घेतं. त्याचीच साखर करतं, त्यावरच अंग धरतं."

"म्हणजे माझी बडबड वाया जात नाही म्हण की."

"नाही जात. फक्त उजेड असताना बोल. रात्री गप्प बसलीस तरी चालेल."

ताई हसली होती, आणि हसता हसता बराच वेळ खोकली होती. त्या हिवाळ्यात मनीप्लांटला दोन नवी पानं फुटली.

ताई गेली त्या दुपारी हिने पडदे ओढून घेतले, आणि खिडकी बंद होती ती बंदच राहिली. या खोलीतली हवा ताईच्या छातीतून गेलेली आहे – हे कुणाला सांगायची सोय नव्हती. बाईंचं डोकं फिरलं म्हणाले असते. दाराला फटी आहेत, मी स्वतः रोज आत जाते, हवा काही बरणीत भरून ठेवता येत नाही... मला का कळत नव्हतं? कळत होतं सगळं. पण पडदे उघडायला हात धजावला नाही. आणि आज संध्याकाळी भाची येणार होती, ताईची मुलगी. "मावशी, मी आईच्याच खोलीत झोपेन. खिडकी-बिडकी उघडून ठेव जरा, कोंदट झाली असेल." ठेवते, असं ही फोनवर म्हणाली होती खरी.

वर्गात दोन पानं स्पिरिटमध्ये उकळत होती, एक शाळेच्या कुंडीचं, एक घरचं. हिरवा रंग हळूहळू स्पिरिटात उतरला आणि पानं पांढुरकी, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखी झाली. शाळेच्या पानावर आयोडीन पडताच ते काळंनिळं झालं, स्टार्च असला की होतं तसं. घरच्या पानावर थेंब नुसते तपकिरी पसरले आणि तसेच राहिले. प्रयोग झकास झाला होता.

"बाई, ह्यात काहीच उरलं नाही?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"नाही. अंधारात झाड नवं काही करू शकत नाही, पण श्वास तर चालूच असतो. मग साठवलेलं जाळतं."

साठवलेलं... ताईचं बोलणं, ताईचं हसणं, त्या पानाने गोळा केलेलं, आणि ते त्याने एवढे दिवस अंधारात थोडं थोडं जाळून टाकलं. ती फळ्याकडे वळली. प्रकाश, कार्बन डायऑक्साइड, तापमान, पाणी – यातलं जे कमी पडतं, तेच सगळं अडवून धरतं. बाकीचं कितीही ओता, वेग वाढत नाही. हे वाक्य ती झोपेतही म्हणू शकली असती. खडू मधेच थांबला. हवा जपत बसले मी, आणि उजेड... जिवंतपणी ताईला सांगितलं होतं ते. थट्टेत का होईना, सांगितलं होतं. ताईचा शेवटचा श्वास त्या खोलीत होता तेव्हा पान होतं, पाणी होतं, सगळं होतं, फक्त पडदा तेवढा मी ओढला. तो श्वास पानात धरून ठेवायची एकच वाट होती आणि ती माझ्याच हाताने बंद केली, नववीला शिकवते ती गोष्ट विसरून.

"बाई, पुढे?" कुणीतरी म्हणालं. तिने पुढचं लिहिलं. तास संपल्यावर ती पानं नेहमी कचऱ्यात जातात. आज घरचं पान तिने टिपकागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं.

घरी आली तेव्हा पूर्वेच्या त्या खिडकीला ऊन नव्हतंच, समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उरलेलं पिवळट काहीतरी होतं तेवढंच. तिने पडदा सारला. कड्या कुरकुरल्या. पलंगावर, स्टुलावर, बाटलीतल्या पांढऱ्या मुळांवर फिकट उजेड पडला, आणि वेलाच्या टोकाची ती दोन पानं दिसली, पिवळसर झालेली, तरी उभी. तिने टिपकागद उघडला. आयोडीनचे डाग पडलेलं पान वाळून आक्रसलं होतं, पण शिरा सगळ्या जागच्या जागी होत्या. साखर जळते, जे अंगाला लागलं ते इतक्या सहज जळत नाही... हेही ती शिकवत होतीच की.

खिडकीच्या कडीवर हात गेला आणि तिथेच राहिला. या खोलीत ताईतलं काही उरलं असेल-नसेल. फार तर चिमूटभर. पण ते चिमूटभर पानाने आत घ्यायलाही उजेड लागतो, आणि आता तो मावळत चालला होता.

"उद्या," ती मोठ्याने म्हणाली. या खोलीत इतक्या दिवसांत कुणी बोललं नव्हतं. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

खाली रिक्षा थांबली. भाचीचा आवाज जिन्यातूनच ऐकू येऊ लागला – बॅग जड आहे, जिना तेवढाच चढा आहे, आणि मावशी, आहेस का घरात – सगळं एका दमात, आईसारखंच. तिला सांगायचं होतं, उद्या ऊन वर येईपर्यंत खिडकी उघडू नकोस गं. का, म्हणून विचारील. काय सांगणार?

कडीवरचा हात तिने काढला नाही. ताई गेल्यापासून सकाळ व्हावी असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. आता वाटत होतं, आणि त्यानेच रडू फुटत होतं.