रस्त्यालगतचं शेत

चार हा आकडा दोनाहून मोठा असतो, हे आर्लिस टेडनला पहिलीत शिकवलं होतं. पुढं गणितात तिची फारशी मजल गेली नाही. पण माणसं मोजायला तिला एवढं गणित पुरत असे. तिचा मुलगा कॉर्विन राज्याच्या विद्यापीठात चार वर्षं शिकला, म्हणून तो हुशार. मुलगी ब्रिटा तीस मैलांवरच्या दोन वर्षांच्या कॉलेजात कृषितंत्रज्ञान शिकत होती, म्हणून तिच्याबद्दल न बोललेलंच बरं!

आणि आर्लिस खरोखरच बोलत नसे. रविवारी प्रार्थना आटोपली की चर्चच्या तळघरात बायका कॉफीचे पेले आणि केकचे चौकोनी तुकडे घेऊन उभ्या राहात. आयोवातल्या त्या गावात सगळ्या बातम्या तिथंच जन्माला येत. एप्रिलमधल्या अशाच एका रविवारी कुणीतरी विचारलं, "ब्रिटाचं शिक्षण संपत आलं ना गं? कुठं असते ती?"

"बाहेर असते," आर्लिस म्हणाली. "विज्ञानाचं काहीतरी आहे. विद्यापीठाकडे... म्हणजे त्याच बाजूला. हा तुकडा घे ना, लिंबाचा आहे!"

दिशेपुरतं ते खरं होतं. वाचकहो, धडधडीत खोटं बोलायला निदान छाती तरी लागते. अर्धं खरं बोलणाऱ्याला तीही लागत नाही. पोटच्या पोरीचं कॉलेज लिंबाच्या केकखाली झाकणाऱ्या आईला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

कॉर्विनला पदवी मिळाली तेव्हा याच बाईनं ट्रॅक्टरची शेड धुऊन घेतली होती. दोनशे माणसं जेवली. पाळण्यापासूनचे त्याचे फोटो फळ्यावर लावले होते. आता ब्रिटाचा पदवीदान समारंभ मे महिन्यातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी होता, आणि नेमकं त्याच संध्याकाळी चर्चमध्ये आई-मुलींचं वार्षिक जेवण होतं. त्याची प्रमुख अर्थातच आर्लिस.

"दोन वर्षांचा कसला आलाय समारंभ?" ती ब्रिटाला म्हणाली होती. "कागद ते टपालानं पाठवतात. तू घरी ये आणि वाढायला मदत कर."

आई-मुलींच्या नात्याचा गौरव करण्यासाठी मुलीनं स्वतःची पदवी सोडून बटाट्याचं सॅलड वाढायचं! यात काही चमत्कारिक आहे, असं आर्लिसला मुळीच वाटलं नाही.

त्याच रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी ठिणगी पडली. आर्लिसचा नवरा डेल्मर सहकारी धान्यकोठारावरून आला होता. तिथं रोज कॉफीचं एक टेबल भरतं आणि त्या टेबलाचा कायदा जुना आहे: वसंतात ज्याचं पेरणीयंत्र सगळ्यांत आधी शेतात उतरेल, तो वर्षभर मिशीवर ताव देणार, जो सगळ्यांत शेवटी पेरणी संपवेल, तो सगळ्यांना डोनट खिलवणार. 

"शेजारच्या मर्लनं काल यंत्र बाहेर काढलं," डेल्मर म्हणाला. "उद्या पहाटे मी आपलं रस्त्यालगतच्या शेतात घालतो, मका पेरायला. बघू दे सगळ्यांना."

ते शेत ऐंशी एकरांचं. हमरस्त्याला लागून असल्यानं गावाची प्रत्येक गाडी तिथून जाई. त्याची माती बरी नव्हती, निचरा तर वाईटच होता. पण ते दिसायचं, आणि म्हणून दर वर्षी पहिला मान त्याचाच!

ब्रिटा नुकतीच त्या शेतातून आली होती. तिनं मूठभर माती टेबलावर ठेवली. अंगठ्यानं दाबली तशी ती चिकणमातीसारखी पसरली.

"बाबा, वाफसा नाही अजून. माती फ्रीजइतकी गार आहे. अजून निदान आठ अंश तरी तापू दे. आणि बुधवारपासून गार पाऊस सांगितलाय. आता पेरलंस तर यंत्राच्या चकत्या सरीच्या कडा घोटून गुळगुळीत करतील. मुळांना बाहेर पडता येणार नाही. आठवडाभर थांब."

"चाळीस वसंत पेरलेत मी!" डेल्मर हसला. "तुमच्या कॉलेजात बसून राहायला शिकवतात काय?"

"कधी बसायचं ते शिकवतात."

आर्लिसनं लगेच कॉर्विनला फोन लावला. तो शिकागोत विम्याच्या कचेरीत बसतो आणि मातीशी त्याचा संबंध बुटापुरता येतो. "लवकर पेरलेलं नेहमी चांगलं, बाबा," तो तिथून म्हणाला. "आकडेवारी तेच सांगते."

"ऐकलंस?" आर्लिस ब्रिटाकडे वळली. "तो चार वर्षं शिकलाय. तू दोन!"

म्हणजे बघा, शिकागोच्या नवव्या मजल्यावरून कळलेला वाफसा खरा, आणि मुठीतली माती खोटी! याला नाकानं कांदे सोलणं म्हणतात.

ब्रिटानं माती पुन्हा मुठीत घेतली. मग ती शांतपणे म्हणाली, "दोनशे मैलांवरच्या एका शेतयंत्रांच्या कंपनीनं मला बोलावलंय. मेच्या दुसऱ्या बुधवारपर्यंत उत्तर द्यायचंय. मला इथं राहायचंय, बाबा, तुझ्याबरोबर. पण शेतातल्या निर्णयात माझा शब्द असेल तर. नुसती कॉफी पोचवायला नाही."

डेल्मरनं खिडकीबाहेर पाहिलं. "झाडांच्या रांगेमागची चाळीस एकर घे या वर्षी. तिथं तुला करायचे ते प्रयोग कर. कुणाचं लक्ष जात नाही तिकडे."

"आणि ती नोकरी घेऊन टाक," आर्लिस म्हणाली. "कंपनी म्हटलं की कुणी वर्षं विचारत नाही."

आर्लिसनं टेबलावरचे मातीचे कण फडक्यानं पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी डेल्मर रस्त्यालगतच्या शेतात उतरला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! येणारेजाणारे भोंगे वाजवत होते, तो टोपी हलवत होता. बुधवारी पाऊस आला, चांगला गार, आणि पाच दिवस पडत राहिला. ब्रिटानं नंतर वाफसा येईपर्यंत वाट पाहिली. मे उजाडल्यावर, परीक्षेच्या दोन दिवस आधी येऊन, यंत्राचा मातीवरचा दाब कमी करून तिनं मागची चाळीस एकर पेरली आणि परत गेली. पेरताना तिला पाहिलं ते फक्त एका हरणानं.

मेचा दुसरा आठवडा आला, तेव्हा रस्त्यालगतचं शेत चाई पडलेल्या डोक्यासारखं दिसत होतं. इथं चार रोपं, तिथं दहा पावलं काहीच नाही. डेल्मरनं दोष आधी बियाण्याला दिला, मग कावळ्यांना, मग देवाला. कॉफीच्या टेबलाकडे त्यानं जाणंच सोडलं. मोडून पुन्हा पेरायचं म्हणजे सगळ्या गावासमोर पेरायचं!

गुरुवारी डेल्मरची थोरली बहीण व्हर्डा आली. चौतीस वर्षं काउंटीच्या इस्पितळात परिचारिका होती ती. आर्लिस चर्चच्या जेवणासाठी कागदी फुलं करत बसली होती.

"उद्या पोरीला पदवी मिळतेय आणि तू फुलं कातरतेयस?"

"दोन वर्षांची पदवी," आर्लिस म्हणाली. "उगीच मोठं करू नकोस, व्हर्डा."

"ऊठ. गाडीत बस."

व्हर्डानं गाडी आधी रस्त्यालगतच्या शेतात थांबवली. खिशातल्या चाकूनं तिनं माती उकरली. आतला कोंब वर यायचा रस्ता न सापडून पिळवटलेला होता. मुळं सरीच्या गुळगुळीत कडांना चिकटून चपटी झाली होती. मग ती आर्लिसला झाडांच्या रांगेमागं घेऊन गेली. तिथं बोटाएवढ्या हिरव्या रोपांच्या रांगा शेवटपर्यंत सरळ गेल्या होत्या. एकही जागा रिकामी नव्हती. आर्लिस त्या महिन्यात इकडे फिरकलीच नव्हती. कशाला फिरकेल? इथं कुणी बघत नव्हतं ना!

"कॉर्विनचा जन्म आठवतो?" व्हर्डानं विचारलं.

"तो कसा विसरेन? बर्फाचं वादळ होतं. डॉक्टर रस्त्यात अडकला होता."

"नाळेचा वेढा गळ्याभोवती होता. पोर निळं पडलं होतं. तो वेढा कुणी सोडवला?"

"तू."

"आणि मी परिचारिका कुठं झाले, आर्लिस? त्याच कॉलेजात. दोन वर्षांत! त्या दिवशी तू माझा हात धरून ओरडत होतीस, 'वाचव, वाचव!' तेव्हा का नाही विचारलंस, तुझा कागद किती वर्षांचा? तुझा चार वर्षांचा मुलगा या दोन वर्षांच्या हातातून जगात आलाय. आणि तू माझ्याच तोंडावर त्या कॉलेजाला नाक मुरडतेस?"

आर्लिसचा चेहरा लाल झाला. "मी तुझ्याबद्दल कधी..."

"माझ्याबद्दल नाही कसं? गेली दोन वर्षं रोज! मी हसून सोडलं. पोरगी सोडेल असं समजू नकोस. काल बुधवार होता, उत्तराचा."

बुधवार! ती नोकरी घेऊन टाक, असं आर्लिसनंच सांगितलं होतं, टेबल पुसता पुसता. तिनं खाली वाकून एका रोपाला हात लावला आणि तिला रडू आलं. मुलीनं केलेली एक गोष्ट तिनं जन्मात पहिल्यांदा नीट पाहिली होती.

शुक्रवारी सहा वाजता चर्चचं तळघर भरलं. हॅम कापून ठेवलं होतं, आया आणि मुली फुलांमागं बसल्या होत्या. आर्लिसनं प्रार्थनेसाठी उभं राहायचं होतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी तुमच्याशी दोन वर्षं खोटं बोलले. माझी ब्रिटा विद्यापीठात नाही. ती दोन वर्षांच्या कॉलेजात शिकली, शेतीची यंत्रं आणि माती. मला लाज वाटत होती. आज मला माझीच लाज वाटतेय!"

मग मर्लची बायको म्हणाली, "अगं, आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. गेल्या हंगामात आमच्या कापणीयंत्रातला संगणकाचा पडदा बंद पडला, तो तिनंच येऊन चालू केला. तुला बरं वाटावं म्हणून आम्ही आपला केक खात होतो."

सगळ्या गावाला ठाऊक होतं! ज्या लोकांच्या धाकानं ती पोरीला लपवत होती, तेच लोक तिची कीव करत होते. आर्लिसनं ॲप्रन सोडलं आणि ती व्हर्डाबरोबर निघाली.

वाटेत तिनं किंकाळीच फोडली. रस्त्यालगतच्या शेतात डेल्मरचं पेरणीयंत्र मधोमध उभं होतं. शेत मोडून दुसऱ्यांदा अर्धं पेरलेलं, आभाळ निरभ्र, उजेड अजून दोन तासांचा, आणि यंत्र बंद! अशा कोरड्या संध्याकाळी कुठलाही शेतकरी मरणाच्या दारात असल्याखेरीज यंत्र थांबवत नाही.

"डेल्मरला काहीतरी झालं!"

व्हर्डानं गाडी थांबवून पाहिलं. चालकाची जागा रिकामी होती आणि बांधावरची त्याची गाडी नव्हती. "काही झालेलं नाही," ती म्हणाली. "चल तू."

कॉलेजच्या सभागृहात शेवटच्या रांगेत डेल्मर बसला होता. बुटांना माती, टोपी मांडीवर. आर्लिस शेजारी बसली तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "बघू दे सगळ्यांना."

ब्रिटाचं नाव पुकारलं तेव्हा दोघंही उभी राहिली. डेल्मरनं शिट्टी मारली. ब्रिटानं वळून पाहिलं, आणि तिचा तोल जाता जाता सावरला.

बाहेर आल्यावर आर्लिस म्हणाली, "चुकलं माझं. माफ कर. तू राहा. बाबाही तेच म्हणतो. सगळं तुझ्या शब्दानं करू."

ब्रिटानं आईला मिठी मारली, बराच वेळ. मग म्हणाली, "बुधवारी मी वर्षभराचा करार केला, आई. मंगळवारी संध्याकाळपर्यंत तुमच्या फोनची वाट पाहिली होती. आता शब्द मोडणार नाही."

"आणि वर्षानंतर?"

"तेव्हा विचार. पण तेव्हा विचारशील ना?"

शनिवारी सकाळी उरलेलं रस्त्यालगतचं शेत ब्रिटानं पेरलं. डेल्मर बांधावर थर्मास घेऊन उभा होता. या वेळी कॉफी पोचवायचं काम त्याचं होतं. पेरणी संपवण्यात तोच शेवटचा ठरला होता, म्हणून डोनटचा खोकाही गाडीत तयार होता. एका परक्या माणसानं गाडी थांबवून विचारलं, "रांगा काय सरळ काढल्यात! कोण चालवतंय?"

"माझी मुलगी!" आर्लिस यंत्राच्या आवाजावर ओरडली. "दोन वर्षांचं कॉलेज!"

सोमवारी ती मुलगी दोनशे मैलांवर निघून गेली.

वाचकहो, तुमच्या घरातही असं एखादं मूल असेल. हातानं काम शिकणारं, छोटा अभ्यासक्रम घेतलेलं, पाहुण्यांपुढं ज्याचा विषय आला की तुम्ही केकची ताटली पुढं करता. कागद किती वर्षांचा, हे ना बियाणं विचारत, ना जन्माला येणारं पोर. ते विचारतो फक्त आपला रिकामा डौल. तो आजच सोडा. कौतुक करायचंच आहे, तर बुधवारच्या आधी करा!