बागेतून काढलेली लाइन

जमिनीखालून गॅसची पाइपलाइन कुठून न्यायची, हे ठरवणाऱ्या कचेरीत धाकटी नकाशे आखायची. या टप्प्यात तिच्यापुढे दोन मार्ग होते. एक नाल्याच्या कडेने, खडकाळ पडीक जमिनीतून. दुसरा थेट तिच्या ताईच्या लिंबाच्या बागेतून. धाकटीने बाग निवडली. अहवालात लिहिलं, 'नाल्याखालून दोनदा पाइप न्यावा लागेल, काम अवघड.' खोटं नव्हतं. पण अशी कामं कंपनी उठताबसता करायची. खरं कारण वेगळं होतं. वडील गेल्याचं ताईने तिला सगळे अंत्यविधी उरकल्यावर कळवलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली, तरी तो सल जात नव्हता.

खुंट्या ठोकायला मोजणीदाराला घेऊन ती जातीने गेली. ताई फाटकातच उभी होती. मागे भावोजी, हातात फांद्या छाटायची कात्री.

"या," ताई म्हणाली. "काय काम काढलंत?"

सख्ख्या बहिणीला अहो-जाहो! मोजणीदार मान खाली घालून टेप उलगडू लागला.

धाकटीने नकाशा पुढे केला. "अठरा मीटरचा पट्टा लागेल. त्यातली झाडं जातील. तिथे पुन्हा झाड लावता येणार नाही, मुळं पाइपापर्यंत जातात. भाजीपाला चालेल."

"ऐकलंस?" भावोजी ताईला म्हणाले. "भाजी चालेल! केवढी ही मेहेरबानी."

ताईने नकाशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "नाल्याकडून जात नव्हती का?"

उत्तर तोंडपाठ होतं. पण ताईची ती थंड नजर पाहून धाकटीचं डोकं सणकलं. "जात होती. मीच इकडून काढली. आपल्याला न विचारता परस्पर उरकलं की कसं वाटतं, कळू दे तुलाही!"

 ताईने फाटक लावलं, कडी घातली आणि ती आत गेली.

पंधरा दिवसांनी हरकतींच्या सुनावणीत ताईने धाकटीचं ते बोलणं शब्दन् शब्द लिहून दिलं. मोजणीदारानेही मान डोलावली. साहेबांनी कागद धाकटीपुढे सरकवला.

"हे तुम्ही म्हणालात?"

"म्हणाले," धाकटी म्हणाली आणि खाली सही केली.

लाइन नाल्याकडे वळली. धाकटीची बदली पाइपांच्या गोदामात झाली.

सुनावणीच्या दिवशीच बाहेर पडताना जिन्यात दोघी समोरासमोर आल्या होत्या. "वाटलं होतं, साफ नाकाराल," ताई म्हणाली. "मग मलाही चारचौघांत चार शब्द सुनावता आले असते."

"आता सुनाव की."

"आता काय उपयोग?"

बसला अर्धा तास होता. थांब्यावर एकच बाक होता. ताई एका टोकाला बसली आणि शेजारी तिने आपली पिशवी ठेवली. धाकटी उन्हात उभी राहिली.