बॉल कुणाचा?

गोलकीपरला सगळा संघ ‘दाजी’ म्हणायचा. खरं तर तो दाजी एकट्या पैलवानाचा. पैलवान म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, त्याच संघातला आडदांड बचावपटू. पण एकाने हाक मारली की सगळेच मारतात, तसं झालं होतं.

देशातल्या सगळ्यात वरच्या लीगचा हंगाम त्यांनी रडतखडत काढला होता आणि आज शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी निभावलं, हरले तर थेट खालच्या श्रेणीत. दाजीचा चेहरा त्यानेच उतरलाय, असं लोकांना वाटत होतं. कसलं काय! दाजी घाबरला होता तो एका शब्दाला.

गोलसमोर उंच बॉल आला की कीपरने ‘माझा!’ म्हणून ओरडायचं आणि आपल्या बाकीच्यांनी अंग काढून घ्यायचं. इतकी साधी गोष्ट. पण हिवाळ्यातल्या एका सामन्यात दाजी जरा उशिरा ओरडला. तोवर पैलवान हवेत होता. बॉलला बसायची ती मूठ त्याच्या डाव्या कानशिलात बसली. तो पडला तो हललाच नाही. पुन्हा असा मार बसला तर काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आता कुठे त्यांनी त्याला खेळायची परवानगी दिली होती.

सकाळी बूट भरताना बायको म्हणाली, “क्लब राहो नाहीतर जावो. माझ्या भावाला धड घरी आणा.”

“आणतो,” दाजी म्हणाला.

पहिल्याच उंच बॉलला तो घसा फाडून ओरडला, तेही अगदी वेळेवर. पैलवानाने मानसुद्धा वळवली नाही. तसाच उडाला. दाजीने कसेबसे हात मागे ओढले आणि नशिबाने बॉल बाहेर गेला.

“ऐकू आलं नाही का रे?”

“गोंगाट केवढा आहे, दाजी.”

दाजीला शंका आली. मध्यंतरात तो मुद्दाम पैलवानाच्या डाव्या बाजूला जाऊन बसला आणि खोटंच म्हणाला, “तुझी ताई बाहेर आलीय.” पैलवान आपला बुटाची नाडी बांधतोय. दाजी उजवीकडे गेला. “पाणी हवंय?”

“द्या की.” मग दाजीचं तोंड बघून पैलवान ओळखायचं ते ओळखून गेला. आवाज खाली आणून म्हणाला, “डॉक्टरांनी कान तपासला तेव्हा अंदाजाने निभावलं. कोचला सांगू नका. मला घरी बसवतील.”

सांगायलाच हवं होतं. पण कान तर आपणच घेतला, आता पोटावर पाय कसा द्यायचा? दाजी गप्प बसला आणि दुसरा अर्धा वेळ देवाचं नाव घेत उभा राहिला.

सामना संपत आला, दोन्हीकडे गोल शून्य, आणि समोरच्यांना कॉर्नर मिळाला. बॉल नेमका गोलसमोर उंच आला. कीपरचाच होता तो, शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. पैलवान धावत सुटला, डावा कान दाजीकडे. दाजीला हिवाळ्यातला तो मुठीचा आवाज आठवला. पाय रेषेवरून सुटेनात, तोंडातून शब्द फुटेना. बॉल पैलवानाच्या केसांवरून गेला आणि मागच्या त्यांच्या माणसाने डोक्याने आत ढकलला.

ड्रेसिंग रूममध्ये कोच लालबुंद झाला होता. “कुणाचा होता तो बॉल?”

पैलवान पांढराफटक पडला होता. दाजी ओरडले असणार आणि आपल्याला ऐकू आलं नाही, असं वाटून त्याचा हात वर जायला लागला.

“माझा,” दाजी म्हणाला. तो पैलवानाच्या उजवीकडे बसला होता. पैलवानाने चटकन मान वळवली.

“मग ओरडला का नाहीस?” कोचने विचारलं. दाजी खाली बघून हातमोजे काढायला लागला.

घरी बायकोने आधी भावाचं डोकं चाचपलं, मग खांदे. “आणलंत बाई धड,” म्हणाली आणि डोळे पुसले. हरल्याचं तिने विचारलंसुद्धा नाही. ताटं काढायला वळता वळता तिने मागून, त्याच्या डावीकडून विचारलं, “लगेच वाढू का रे?”

पैलवान खाली वाकून बूट काढत राहिला.

तिने पुन्हा विचारलं. मग ताट हातात तसंच धरून ती दाजीकडे बघायला लागली.