सावकाश चालायची ओळ

मित्रांनो, लालबागच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, शिवणयंत्राच्या झाकणावर माझी जागा आहे. मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या दोन कळांवरची अक्षरे झिजून गेली आहेत आणि उजव्या कोपऱ्याचा टवका उडाला आहे. तुम्हाला माझी गोष्ट सांगावी असे फार दिवस मनात आहे.

लोअर परळच्या एका ऑफिसात मी सहा वर्षे राबलो. मग माझ्यावर 'भंगार' अशी चिठ्ठी लागली. त्या इमारतीची लिफ्ट सांभाळणाऱ्या दौलतनी साहेबांना विचारून मला कापडी पिशवीत घालून घरी आणले. त्या जागी पूर्वी गिरणी होती आणि तरुणपणी तिच्यातच ते यंत्रांना तेल घालत, पट्टे चढवत-उतरवत. एकाच जागेने आम्हा दोघांना कामाला लावले आणि दोघांनाही काढून टाकले.

घरात ते आणि त्यांची लेक दर्शना, दोघेच. आई लवकर गेलेली. दर्शना त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणतो.

दर्शना कॉलेजात संगणक शिकत होती. तिने माझ्यात लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली. पण मी सारखा तापे आणि माझा पंखा दिवसभर घरघरे. शेजारच्या शेवंतीकाकी दारातून म्हणाल्या, "गिरण बंद पडली म्हणून घरातच आणलीत काय, भावजी?"

दर्शनाने माझे दुखणे शोधून काढले. माझा प्रोसेसर काम असो-नसो पूर्ण वेगाने धावत होता. त्याला सावकाशही चालता येते. पण तसे सांगणारा ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम कोणी जागाच करत नव्हते. मित्रांनो, सुरू होताना मी एक यादी वाचतो. तिच्यात ज्याचे नाव असेल त्याला उठवतो. दर्शनाने त्या यादीत एक ओळ वाढवली. त्या दिवसापासून काम आले की मी वेग वाढवी, काम संपले की उतरवी. पंखा निवला. विजेशिवाय पंचवीस मिनिटे टिकणारी माझी बॅटरी पाऊण तास टिकू लागली.

तिने हे बाबांना समजावले तेव्हा ते हसले. "म्हणजे पट्टा मोकळ्या चाकावर टाकायचा. काम नाय तर धावायचं कशाला?" ती ओळ त्यांनी गिरणीतल्या आपल्या जुन्या डायरीत एकेक अक्षर बघून उतरवून घेतली.

ती वर्षे चांगली होती. बाबा एका बोटाने मराठी टाइप करायला शिकले. चाळीतल्या लोकांचे अर्ज ते माझ्यावर लिहीत आणि प्रत्येकाला सांगत, "माझ्या चेडवान याका माणसात आणला." चेडू म्हणजे त्यांच्या गावच्या बोलीत लेक.

मग दर्शनाची नोकरीची मुलाखत ठरली, माझ्याच पडद्यावर. वेग चढवायला मला क्षणभर लागे आणि तेवढ्यात चित्र अडखळे. मुलाखतीच्या सकाळी तिने ती ओळ काढून टाकली. नोकरी मिळाली. चाळीत पेढे वाटले गेले. ओळ परत लावायची राहून गेली. पंखा पुन्हा घरघरू लागला, पण आनंदाच्या घरात त्याकडे कोण लक्ष देतो?

त्याच वर्षी बाबांचा आवाज बसला. परळच्या डॉक्टरांनी सांगितले की स्वरयंत्र काढावे लागेल.

बाबांच्या घरी गणपतीपुढे गाऱ्हाणे घालण्याची रीत होती. घरातल्या कर्त्याने उभे राहून देवापुढे मागणे मांडायचे आणि प्रत्येक मागण्यानंतर बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचे. कुठल्या देवाचे नाव आधी, गावच्या सीमेवरच्या राखणदाराला काय म्हणायचे, हे सगळे बाबांच्या वडिलांकडून आलेले, आणि बाबांच्या तोंडातच राहिलेले. ते त्यांनी कधी कोणाला लिहू दिले नव्हते. हॉस्पिटलात दाखल व्हायच्या दिवशी मात्र ते आपण होऊन माझ्यापुढे बसले आणि दर्शनाला म्हणाले, "घे, भर माझा आवाज."

आदल्या संध्याकाळी चाळीच्या मीटरपेटीत काहीतरी जळून सगळ्या मजल्याची वीज गेली होती. दर्शनाचा फोन कधीच बंद पडला होता. पण मी भरलेला होतो आणि पाऊण तास टिकतो हे तिला ठाऊक होते.

बाबा थांबत थांबत, पाणी पीत बोलत होते. आधी देवांची ओळख, मग नावांचा क्रम. पंचविसाव्या मिनिटाला त्यांनी हात जोडून गाऱ्हाण्याला सुरुवात केली. मी पूर्ण वेगाने धावत होतो. मला थांबता येत नव्हते, सांगताही येत नव्हते. पहिल्याच 'महाराजा'वर माझा पडदा काळा झाला. काही जतन झाले नव्हते.

काढलेली ओळ आपण परत लावलीच नव्हती, हे दर्शनाला तत्क्षणी आठवले. खाली टॅक्सी आली होती. बाबांच्या घशातून आता नुसता वारा येत होता. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चपला शोधू लागले.

त्यांच्या तोंडचे ते शेवटचे शब्द.

त्यानंतर बाबा आठ महिने जगले. बोलायचे ते पाटीवर लिहीत. दर्शना त्यांचे सगळे करी, पण माझ्याकडे पाहत नसे. बाबांनी दोनदा माझ्याकडे बोट दाखवून पाटीवर काही लिहायला घेतले. दोन्ही वेळा तिने पाटी हळूच काढून घेतली. "बाबा, त्या मशीनचं नाव नको."

ते गेल्यावर तिने मला जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकले. त्या वर्षी खोलीत गणपती आला नाही. मी अंधारात होतो.

दुसऱ्या वर्षी मूर्ती आणायची ठरली. माळ्यावरचा पाट काढताना मी तिच्या हाताला लागलो. ती बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसली. मग तिने माझी वायर लावली. मला वाटते, तिला निदान ती ओळ परत लावायची होती. तिने यादी उघडली.

ओळ तिथे होती.

मित्रांनो, यादीत ज्या ओळीच्या आधी विशिष्ट खूण असते ती मी वाचायची नसते. ती माणसाने माणसासाठी लिहिलेली असते. त्या ओळीच्या वर खूण करून बाबांनी लिहिले होते ते मी कधीच वाचले नव्हते. दर्शनाने ते मोठ्याने वाचले, तेव्हा मला कळले.

"दर्शू, घाईत काढलीस. डायरीत बघून परत लावली. आता पाऊण तास टिकतो. तू कामाला गेलीस की गॅलरीत बसून गाऱ्हाणं लिहितो."

त्या आठ महिन्यांत ती ऑफिसात असताना बाबा एका बोटाने गाऱ्हाणे लिहीत, हे मला ठाऊक होते. ते तिच्यासाठी होते, हे तिला सांगणारे कोणी नव्हते.

गणपती बसला त्या सकाळी दर्शना माझ्यासमोर उभी राहिली आणि पडद्यावरचे बाबांचे गाऱ्हाणे वाचू लागली. एकेक देव, एकेक राखणदार, सगळे आपापल्या जागी होते. तिच्या मागे हात जोडून एकट्या शेवंतीकाकी उभ्या होत्या. शेवटच्या ओळींवर दर्शना थांबली. तिने पदर तोंडाला लावला, काढला आणि वाचले:

"आज माझ्या जाग्यार माझा चेडू उभा आसा. तेचो आवाज तो माझोच समज, महाराजा. तेच्या हातून काय चुकला-माकला असात, तर ता मी कधीच इसारलंय. तूय इसार, महाराजा."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना सारखे पळवू नका. आणि घाईत कोणाची ओळ काढलीच, तर ते माणूस समोर आहे तोवर त्याची पाटी हातातून घेऊ नका. त्याला काय लिहायचे आहे ते लिहू द्या.

दर्शनाने हात जोडले. मग शेवंतीकाकी म्हणाल्या, "व्हय महाराजा."

वाचायचे संपले होते. मला काही काम उरले नव्हते. मी पट्टा मोकळ्या चाकावर टाकला आणि दर्शनाचे रडणे ऐकत सावकाश चालत राहिलो.